गांजा ओढला तर एक वर्षाची जेल! इतका कडक कायदा असूनही फ्रान्समध्ये गांजा-चरस का थांबत नाही?

फ्रान्सच्या स्ट्रासबर्ग शहरातून ट्राम पकडायची. राइन नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे केल नावाचं जर्मन गाव लागतं. मध्ये पासपोर्टची रांग लागत नाही. प्रवास काही मिनिटांचा, पण तेवढ्यात कायदा पार बदलून जातो.

केलमध्ये सज्ञान माणसाच्या खिशात २५ ग्रॅमपर्यंत गांजा सापडला तर पोलीस काही करू शकत नाहीत. तोच माणूस तोच गांजा घेऊन परतीच्या ट्राममध्ये बसला आणि नदी ओलांडली, की तो गुन्हेगार ठरतो. फ्रान्समध्ये नुसता गांजा ओढण्यासाठी एक वर्षापर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे.

हा विषय पुन्हा चर्चेत आलाय तो फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्यामुळे. डिसेंबर २०२५ मध्ये मार्सेलिस शहराच्या दौऱ्यात त्यांनी अमली पदार्थ घेताना सापडणाऱ्याचा जागेवरचा दंड २०० युरोवरून ५०० युरोवर नेणार असल्याची घोषणा केली. आपल्या हिशोबात सांगायचं तर २० हजार रुपयांवरून थेट ५० हजारांच्या पुढे.

पण मुळात जेलची भीती दाखवून जे ५५ वर्षांत जमलं नाही, ते वाढीव दंडाने जमेल का? फ्रान्सचा कायदा नेमका काय आहे, तो आला कुठून आणि त्याची किंमत कोण मोजतंय, हे समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

फ्रान्सच्या सध्याच्या व्यवस्थेचा पाया आहे ३१ डिसेंबर १९७० चा कायदा. त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे, ओढणं हाच गुन्हा. विकणं नाही, साठवणं नाही, नुसतं ओढणं. घरात, दार लावून, एकट्याने ओढलं तरीही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि ३,७५० युरोपर्यंत दंड.

दुसरी, कायदा पदार्थांमध्ये फरक करत नाही. गांजा, चरस, कोकेन, हेरॉइन यांच्यापैकी काहीही घेतलं तरी कलम तेच आणि कमाल शिक्षाही तीच.

तिसरी गोष्ट अनेकांना धक्का देणारी आहे. अमली पदार्थांचं चांगलं चित्र रंगवणं, म्हणजे 'हे घेऊन बघा, मस्त आहे' अशा सुराची जाहीर मांडणी करणं हासुद्धा गुन्हा आहे. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ७५ हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणूनच फ्रान्समध्ये गांजाचं पान छापलेले टी-शर्ट विकणारेसुद्धा अधूनमधून अडचणीत आले आहेत.

तस्करीच्या शिक्षा तर याहून कितीतरी मोठ्या आहेत. टोळीचा म्होरक्या असल्याचं सिद्ध झालं तर जन्मठेप होऊ शकते.

याच कायद्यात एक मवाळ बाजूही आहे. न्यायव्यवस्था ओढणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचारांसाठी पाठवू शकते. थोडक्यात, कायद्याच्या नजरेत ओढणारा माणूस एकाच वेळी आजारीही आहे आणि गुन्हेगारही. हा घोळ पहिल्या दिवसापासून आहे आणि तो आजही सुटलेला नाही.

इतका कडक कायदा आला कसा?

यामागे तीन कारणं होती.

ऑगस्ट १९६९ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या बांदोल या समुद्रकाठच्या गावात १७ वर्षांच्या एका मुलीचा हेरॉइनच्या अतिसेवनाने मृत्यू झाला. वर्तमानपत्रांनी हा विषय लावून धरला आणि देशभरातले आईबाप धास्तावले.

त्याच्या वर्षभर आधी, मे १९६८ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनाने सरकार हादरलं होतं. लांब केस, रॉक संगीत आणि चरस ओढणारी तरुण पिढी सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपत होती.

तिसरं कारण अमेरिका. मार्सेलिस हे सावरकरांच्या उडीमुळे मराठी घराघरात ठाऊक असलेलं बंदर. त्या काळात तिथल्या टोळ्या हेरॉइन तयार करून अमेरिकेत पाठवत होत्या. 'फ्रेंच कनेक्शन' म्हणतात ते हेच. हे थांबवा म्हणून निक्सन सरकार फ्रान्सच्या मागे लागलं होतं.

म्हणजे कायदा झाला हेरॉइनच्या भीतीतून, पण त्याच्या जाळ्यात सगळ्यात जास्त सापडले ते चरस-गांजावाले.

यात एक विरोधाभासही आहे. मोरोक्को फ्रान्सच्या ताब्यात असताना तिथे तंबाखू आणि 'किफ', म्हणजे गांजा-तंबाखूचं मिश्रण, विकण्याचा अधिकृत मक्ता एका कंपनीकडे होता आणि तिच्यात फ्रेंच भांडवल होतं. ती विक्री १९५४ पर्यंत चालली. आज फ्रान्समध्ये येणारं बहुतांश चरस त्याच मोरोक्कोच्या रिफ डोंगररांगांतून स्पेनमार्गे येतं. तेव्हा त्यातून महसूल मिळायचा, आता तो माल जप्त होतो.

कायद्याला विरोधही लवकरच सुरू झाला. १८ जून १९७६ रोजी 'लिबेरास्यों' या वृत्तपत्रात गांजावरची बंदी उठवा म्हणून एक जाहीर पत्रक छापून आलं. सही करणाऱ्यांमध्ये तत्त्वज्ञ जिल देल्यूझ होते आणि डॉक्टर बर्नार कुशनेरही होते. हेच कुशनेर पुढे देशाचे आरोग्यमंत्री आणि परराष्ट्रमंत्री झाले. कायदा मात्र बदलला नाही.

मग लोकांनी ओढणं सोडलं का?

नाही. फ्रान्सच्या अमली पदार्थ निरीक्षण संस्थेच्या २०२३ च्या सर्वेक्षणानुसार १८ ते ६४ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी, म्हणजे ५०.४ टक्के लोकांनी, आयुष्यात कधी ना कधी गांजा-चरस ओढलंय. वर्षभरात एकदा तरी ओढणारे सुमारे ५० लाख. रोज ओढणारे ९ लाखांच्या आसपास. युरोपियन युनियनमध्ये या बाबतीत फ्रान्स अगदी वरच्या देशांमध्ये मोडतो.

थोडक्यात, देशातला जवळपास दर दुसरा सज्ञान माणूस कधीतरी कायद्याने गुन्हेगार होता. फक्त तो पकडला गेला नाही.

पण या चित्राची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. १७ वर्षांच्या मुलामुलींमध्ये हे प्रमाण झपाट्याने घटलंय. २०१४ मध्ये या वयातल्या ४७.८ टक्के मुलांनी कधीतरी गांजा ओढला होता. २०२२ मध्ये हा आकडा २९.९ टक्क्यांवर आला.

बंदीचे समर्थक म्हणतात, बघा, कायदा काम करतोय. पण गोष्ट इतकी सरळ नाही. याच काळात सिगारेट ओढून पाहणाऱ्या मुलांचं प्रमाणही खूप घटलं आणि सिगारेट तर कायदेशीर आहे. तिथे कर वाढवला गेला, साधी पाकिटं सक्तीची झाली, २० सिगारेटचं पाकीट १० युरोच्या वर गेलं. फ्रान्समध्ये चरस बहुतेक वेळा तंबाखूत मिसळूनच ओढतात. त्यामुळे जो मुलगा तंबाखूकडे वळत नाही, तो चरसकडे वळण्याची शक्यताही कमी होते. म्हणून या घसरणीचं सगळं श्रेय जेलच्या भीतीला देता येत नाही.

जेल होते तरी किती जणांना?

नुसतं ओढण्यासाठी प्रत्यक्षात तुरुंगात जाणारे फार थोडे. वर्षानुवर्षं पोलीस दरवर्षी लाखाच्या वर लोकांना ओढताना पकडायचे, कागदपत्रं करायचे आणि बहुतेक प्रकरणं ताकीद, उपचार किंवा किरकोळ दंडावर मिटायची. पोलिसांचा वेळ जायचा, न्यायालयांचाही जायचा आणि हाती फारसं काही लागायचं नाही.

यावर उपाय म्हणून १ सप्टेंबर २०२० पासून देशभर जागेवरच्या दंडाची पद्धत सुरू झाली. रस्त्यात ओढताना सापडलात तर पोलीस तिथल्या तिथे २०० युरोचा दंड लावतात. १५ दिवसांत भरला तर १५० युरो, उशीर केला तर ४५०. दंड फक्त सज्ञान व्यक्तीला.

ऐकायला हे आपल्याकडच्या हेल्मेटच्या चलनासारखं वाटतं. पण मोठा फरक आहे. हा दंड गुन्ह्याचा आहे आणि त्याची नोंद न्यायालयांना दिसणाऱ्या गुन्हे-अभिलेखात होते. म्हणजे चलन फाडल्यासारखं वाटलं तरी नावापुढे गुन्हा लागतो आणि तोही न्यायाधीशासमोर उभं न राहता.

फ्रान्समध्ये नागरिकांच्या हक्कांसाठी 'हक्करक्षक' नावाची स्वतंत्र घटनात्मक संस्था आहे. तिने २०२३ मध्ये ही पद्धतच बंद करा अशी शिफारस केली. पकडणारा, गुन्हा ठरवणारा आणि शिक्षा देणारा एकच पोलीस असेल तर दाद मागायची कुठे, हा मुख्य आक्षेप.

शिवाय दंडाचा मोठा हिस्सा वसूलच होत नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यावर थकबाकी साचत जाते. ज्याच्याकडे आहेत तो भरून मोकळा होतो.

दंड नेमका कुणाला बसतो?

खरा प्रश्न इथे आहे.

जागेवरचा दंड बसायला माणूस रस्त्यावर असावा लागतो. पॅरिसच्या श्रीमंत भागात राहणारा वकील किंवा जाहिरात कंपनीतला मॅनेजर चरस घ्यायला चौकात जात नाही. तो टेलिग्रामवर मेसेज टाकतो आणि स्कूटरवरून पोरगा घरपोच माल देऊन जातो. फ्रेंच बोलीत चरसला 'शिट' म्हणतात. त्यामुळे या घरपोच सेवेला लोकांनी 'उबर शिट' असं नावच पाडलंय. उबर कंपनीचा अर्थातच याच्याशी संबंध नाही.

उपनगरातल्या सरकारी गृहसंकुलात राहणारा, लहान घरात पाच-सहा जणांत वाढलेला तरुण मात्र जिन्यात किंवा बाकावर बसून ओढतो. गस्त घालणारे पोलीस त्यालाच भेटतात. अरब आणि आफ्रिकी वंशाच्या तरुणांना पोलीस जास्त वेळा अडवतात, हे याच 'हक्करक्षक' संस्थेच्या पाहणीतून पुढे आलेलं आहे. त्यामुळे कायदा सगळ्यांसाठी सारखा असला तरी त्याचा फटका सारखा बसत नाही.

मॅक्रॉन यांनाही हे दिसत नाही असं नाही. शहराच्या मध्यवस्तीत राहणारे सुखवस्तू ग्राहकच अनेकदा टोळ्यांना पैसा पुरवतात, असा रोख त्यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठेवला होता. पण ज्यांच्याकडे बोट दाखवलं, त्यांच्यापर्यंत हा दंड पोचतो का? दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला ५०० युरोची पावती कोण फाडणार?

मार्सेलिसची पोरं

या सगळ्याची सर्वात मोठी किंमत मार्सेलिसच्या उत्तरेकडच्या वस्त्या मोजतायत.

तिथल्या विक्रीच्या अड्ड्यांवर कामाची वाटणी ठरलेली असते. पोलीस आले की ओरडून इशारा देणारा तो 'शूफ'. अरबी भाषेत 'बघ' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. प्रत्यक्ष माल विकणारा तो 'शारबोनर', म्हणजे कोळसेवाला, राबणारा. या कामांवर शाळकरी वयाची मुलंही असतात. स्नॅपचॅट आणि टेलिग्रामवर जाहिराती टाकून लांबच्या गावांतून पोरं बोलावली जातात. काहींना पैसे मिळतात. काहींवर माल हरवल्याचं खोटं कर्ज चढवून फुकट राबवून घेतलं जातं.

२०२३ मध्ये 'डीझेड माफिया' आणि 'योदा' या दोन टोळ्यांच्या युद्धात हे शहर होरपळलं. त्या एका वर्षात मार्सेलिसमध्ये अमली पदार्थांच्या व्यवहारातून ४९ जणांचा बळी गेला. त्यात आपल्या खोलीत बसलेली २४ वर्षांची एक विद्यार्थिनीही होती. बाहेर झाडलेली गोळी तिला लागली. २०२४ मध्ये बळींची संख्या २४ वर आली, पण मारणारे आणि मरणारे आणखी लहान झाले. त्या ऑक्टोबरमध्ये भाड्याने मारेकरी म्हणून आलेल्या १४ वर्षांच्या मुलाने एका टॅक्सीचालकाचा खून केल्याचं उघड झालं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तर टोळ्यांविरुद्ध उघडपणे बोलणाऱ्या एका तरुण कार्यकर्त्याच्या २० वर्षांच्या भावाला भररस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. या कुटुंबाने त्याआधीही एक मुलगा याच धंद्यात गमावला होता. मारल्या गेलेल्या या धाकट्याचं स्वप्न होतं पोलीस होण्याचं. या हत्येने देश हादरला आणि ५०० युरोची घोषणा झाली ती त्यानंतरच.

सरकारने टोळ्यांवर काय केलं?

बरंच काही. मार्च २०२४ मध्ये मॅक्रॉन यांनी मार्सेलिसच्या ला कास्तेलान वस्तीतून मोठ्या पोलीस कारवाईची सुरुवात केली. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रेंच सिनेटच्या चौकशी समितीने अमली पदार्थांच्या बाजाराची उलाढाल वर्षाला ३.५ ते ६ अब्ज युरो असल्याचा अंदाज दिला. जून २०२५ मध्ये नवा कायदा लागू झाला. संघटित गुन्हेगारीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय सरकारी वकील कार्यालय आणि बड्या तस्करांसाठी कडक बंदोबस्ताचे तुरुंग विभाग त्यातूनच आले.

२०२० च्या अखेरीस पोलिसांनी देशात जवळपास ४ हजार विक्री अड्डे मोजले होते. तो आकडा बराच खाली आणल्याचं सरकार सांगतं. पण अड्डा उठला म्हणजे धंदा बंद झाला असं नाही. तो फोनवर गेला.

कायदेशीर गांजा, बेकायदा लाळ

कायद्याचा गोंधळ बघायचा असेल तर सीबीडीचं उदाहरण घ्या.

गांजाच्या झाडात दोन प्रमुख घटक असतात. टीएचसीने नशा चढते, सीबीडीने नाही. मार्सेलिसच्याच दोन उद्योजकांनी सीबीडीची ई-सिगारेट विकायला काढली, तर त्यांच्यावर खटला भरला गेला. प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीररीत्या तयार झालेल्या सीबीडीवर अशी बंदी घालता येणार नाही. फ्रान्सने मग सीबीडीच्या फुलांवर बंदी आणली. डिसेंबर २०२२ मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तीही रद्द केली.

आता फ्रान्सच्या शहरांत सीबीडीची दुकानं सर्रास दिसतात. मालात टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत चालतं. पण हे दुकानातून पावतीसह विकत घेऊन ओढलं आणि गाडी चालवली तर? पोलिसांच्या लाळ चाचणीत टीएचसीचा अंश सापडला की तुम्ही दोषी. जून २०२३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. वस्तू कायदेशीर, पण तिचा अंश तोंडात असताना गाडी चालवणं गुन्हा.

औषधी गांजाची गोष्टही अशीच रखडलेली. मार्च २०२१ मध्ये सुमारे ३ हजार रुग्णांवर प्रयोग सुरू झाला. तीव्र वेदना, अपस्मार, कर्करोग असे रुग्ण त्यात होते. दोन वर्षांसाठी ठरलेला प्रयोग पुन्हा पुन्हा लांबवला गेला आणि दर मुदतीच्या वेळी रुग्णांचा जीव टांगणीला लागला. दुसरीकडे, औद्योगिक वापराच्या बिननशी भांगवर्गीय पिकाच्या लागवडीत फ्रान्स युरोपात पहिल्या क्रमांकावर आहे.

मग कायदेशीर करून टाकायचं का?

फ्रान्समध्येच तसं म्हणणारे कमी नाहीत. पंतप्रधानांना सल्ला देणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या परिषदेसाठी २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात, सरकारी नियंत्रणाखाली विक्री केली तर तिजोरीत वर्षाला २ ते २.८ अब्ज युरो येतील असा अंदाज होता. २०२१ मध्ये संसदेच्या एका अभ्यासगटाच्या अहवालातून आणि जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या आर्थिक-सामाजिक परिषदेकडूनही नियंत्रित कायदेशीरकरणाची बाजू मांडली गेली.

शेजारी तर पुढे गेलेत. माल्टाने २०२१ मध्ये, लक्झेंबर्गने २०२३ मध्ये आणि जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून मर्यादित मुभा दिली. पोर्तुगालने २००१ मध्येच ओढणं हा गुन्हा ठेवला नाही.

विरोधकांचे मुद्देही हवेतले नाहीत. गांजा कायदेशीर झाला म्हणून टोळ्या संन्यास घेणार नाहीत, त्या कोकेनकडे जोर लावतील. फ्रान्समध्ये वर्षभरात कोकेन घेणारे ११ लाखांवर गेलेत, हे खरंच आहे. आजच्या मालात टीएचसीचं प्रमाणही जुन्या काळापेक्षा खूप जास्त असतं आणि कोवळ्या वयात त्याचा मेंदूवर होणारा परिणाम डॉक्टर गंभीर मानतात. जर्मनीतही सभासदांच्या क्लबांनी काळ्या बाजाराला अजून फारसा धक्का दिलेला नाही.

म्हणजे कायदेशीर करणं ही जादूची कांडी नाही. पण बंदीही तशी कांडी नव्हती, हे ५५ वर्षांनी दिसतंय.

भारतातून जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा ओढण्यासाठी कमाल सहा महिने कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. भांगेची पानं तर त्या व्याख्येतच येत नाहीत. म्हणजे नुसतं ओढण्यापुरतं बघितलं तर फ्रान्सचा कायदा कागदावर भारतापेक्षा कडक आहे.

युरोपच्या सहलीत ॲमस्टरडॅमनंतर पॅरिस हा ठरलेला क्रम असतो. रेल्वेत कुणी बॅग तपासलीच नाही म्हणून ॲमस्टरडॅमच्या कॉफीशॉपमधलं पाकीट पॅरिसमध्ये चालतं असं नाही. व्हिसा एक असला तरी कायदा प्रत्येक देशाचा वेगळा आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांसाठी हे आणखी महत्त्वाचं, कारण गुन्ह्याची नोंद पुढच्या कागदपत्रांत नडू शकते.

पुढे काय?

२०२७ मध्ये फ्रान्समध्ये अध्यक्षपदाची निवडणूक आहे. उजव्या पक्षांना मवाळ दिसायचं नाही, मध्यममार्गी सरकारलाही नाही. २०१६ मध्ये निवडणुकीच्या तयारीत असताना हेच मॅक्रॉन कायदेशीरकरणात एक प्रकारची परिणामकारकता असल्याचं बोलले होते. आज ते दंड अडीचपट करायला निघालेत. त्यामुळे नजीकच्या काळात कायदा सैल होईल अशी चिन्हं नाहीत.

दंड ५०० युरो झाला तर टेलिग्रामवरून माल मागवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. बाकावर बसलेल्या पोराच्या थकबाकीत मात्र आणखी ३०० युरोंची भर पडेल आणि ती फेडायला त्याच्या वस्तीत सगळ्यात पटकन मिळणारं काम असेल तेच, अड्ड्यावर उभं राहून पोलिसांची वाट बघण्याचं.